बारीक केस आणि बर्लिनचं जड पाणी

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, मूळची पुण्याची, कोथरूडची. शिक्षणासाठी बर्लिनला आले आणि आता इथेच नोकरी करते. माझे केस लहानपणापासून बारीक आणि सरळ, कमरेच्या थोडे वर. पुण्यात आठवड्यातून दोनदा न्हायचं, आदल्या रात्री तेल लावायचं, वेणी घालायची, एवढ्यावर भागायचं. इथे मात्र धुतल्या धुतल्या गुंता होतो. मानेमागे तर जटाच होतात, दोन वेळा कात्री लावावी लागली. इथल्या डीएम नावाच्या दुकानातून निरनिराळे शाम्पू आणून पाहिले. आई म्हणते सिलिकॉनने केस खराब होतात, म्हणून ‘सिलिकॉन नाही’ असं छापलेलेच घेते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून केसांचा साबणही आणला, तर केस मेणचट झाले. शॉवरला लावायचा फिल्टर घेऊ का? शाम्पू-कंडिशनर नक्की कोणता घ्यावा? की सरळ कापूनच टाकू? मला अगं-तुगंच करा.
— एक वाचक, बर्लिन

उत्तर : अगं, कापू नकोस. छोटे केस आवडत असतील तर जरूर काप, पण हरल्यासारखं वाटून कापू नकोस. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तेच डोकं, तेच केस, पुण्यात त्रास नव्हता आणि बर्लिनला गेल्यावर सुरू झाला. म्हणजे शाम्पूचं नाव शोधायच्या आधी नळाकडे बघायला हवं.

तुझ्या पाणी तापवायच्या किटलीत डोकावून बघ. तळाला पांढरा थर बसलेला असणार. तो चुना आहे. पुण्याचं पालिकेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगावच्या धरणांतलं, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. काळ्या कातळावरून वाहत येणाऱ्या या पाण्यात क्षार कमी असतात. (ज्या सोसायट्यांना टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, त्यांची तक्रार तुझ्यासारखीच असते.) बर्लिनचं पाणी मात्र शहराच्या जमिनीखालूनच उपसलेलं. पिण्याच्या दृष्टीने अतिशय चांगलं, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने भरलेलं. जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशांत मोजतात. ८.४ अंशांपर्यंत मऊ, १४ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे जड. बर्लिनच्या वेगवेगळ्या भागांत तो साधारण १४ ते २५ अंश असतो. तुझ्या पत्त्यावर किती आहे ते तिथल्या पाणीपुरवठा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडेल. तेवढं आज संध्याकाळी बघून ठेव.

आता केसांकडे. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले, तोंडं टोकाकडे. त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे केसावरून केस सहज घसरतो. कमरेपर्यंत आलेल्या केसांची टोकं काही वर्षं जुनी असतात, तिथला हा थर बराचसा झिजलेला असतो. अशा झिजलेल्या जागी ऋण विद्युतभार असतो, आणि पाण्यातलं कॅल्शियम तिथेच जाऊन चिकटतं. केस खरखरीत होतो, केसात केस अडकतो. हे जाड केसांचंही होतं, पण बारीक केसांचं जास्त, आणि त्याला कारण आहे. केसाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. एका केसाची जाडी दुसऱ्याच्या निम्मी असेल, तर तो सोळा पट सहज वाकतो. एवढ्या सहज वाकणारा केस वळसे घेतो, गाठी मारतो. त्यात तुझ्या केसांची लांबी. हा स्वभाव बदलणार नाही. केस घसरते ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि तुला जे काही विकत घ्यायचं ते याच एका निकषावर घे.

केसांचा साबण आधी बंद कर. खरा साबण अल्कधर्मी असतो, आणि जड पाण्यात त्याचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरट मळ बसतो तोच हा. तुझ्या केसांवर तो बसला, म्हणून मेणचट लागले. पुण्यात तोच साबण कदाचित चालून गेला असता. तिथे ‘फेस्टेस शाम्पू’ नावाच्या वड्याही मिळतात. दिसायला साबणासारख्या असल्या तरी त्या साबण नसतात, त्यातल्या बऱ्याच चांगल्या असतात. प्लास्टिकची बाटली नको म्हणून तू साबण घेतला असशील, तर ही वडी घे.

शॉवरचा फिल्टर घेऊ नकोस. हे मी ठामपणे सांगते, कारण यात मुलींचे बरेच पैसे जातात. बाजारातले बहुतेक शॉवर फिल्टर क्लोरिन कमी करण्यासाठी असतात. पाण्याचा जडपणा ते काढू शकत नाहीत, आणि बर्लिनच्या पाण्यात तर एरवी क्लोरिन घालतच नाहीत. त्याऐवजी पिण्याच्या पाण्याचा जग-फिल्टर घरात असेल तर त्याचा उपयोग कर. त्यात आयन बदलणारी राळ असते, ती चुना बऱ्यापैकी धरते. न्हाणं संपलं की शेवटचं लिटरभर पाणी त्या जगातलं, कोमट करून, केसांवरून सोडायचं. त्यात एक मोठा चमचा सफरचंदाचा व्हिनेगर घाल. आम्लाने कॅल्शियम सुटायला मदत होते आणि खवले खाली बसतात. वास सुकल्यावर राहत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, आणि टाळूवर जखम किंवा खाज असेल तेव्हा लावू नकोस. हे आठवड्यातून एकदा पुरे.

आता खरेदी. तू नाव विचारलंस, पण नाव सांगितलं तर सहा महिन्यांनी कंपनी घटक बदलेल आणि तू पुन्हा तिथेच येशील. त्यापेक्षा बाटली उलटी करून वाचायला शीक. यासाठी जर्मन यायला लागत नाही. युरोपात घटकांची यादी आंतरराष्ट्रीय नावांनीच छापावी लागते, तीच नावं आपल्याकडच्या बाटल्यांवरही असतात. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, फक्त एक टक्क्याहून कमी असलेले घटक कसेही लिहिले तरी चालतात. म्हणजे पुढच्या बाजूला आर्गन तेलाचं मोठं चित्र आणि मागच्या यादीत ते सुगंधाच्याही नंतर, असं दिसलं की काय समजायचं ते समजून घे.

शाम्पू साधा घे. ‘फाइनेस हार’, म्हणजे बारीक केसांसाठीचा, पीएच ५.५ च्या आसपासचा, आणि यादीत कुठेतरी डायसोडियम ईडीटीए, टेट्रासोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट असलेला. हे घटक कॅल्शियमला धरून ठेवतात. शाम्पूवर जास्त पैसे घालू नकोस, तो मिनिटभर डोक्यावर असतो आणि मग मोरीतून जातो. मात्र ‘व्हॉल्यूमेन’ लिहिलेल्या शाम्पूंपासून जरा जपून. केस फुगलेले दिसावेत म्हणून त्यातले काही केस किंचित खरबरीत ठेवतात. आखूड केसांना ते छान दिसतं, तुझ्या लांबीला त्याने गुंताच होईल. दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोल सफाईचा शाम्पू वापर, तिथे त्याला ‘टीफनराइनिगुंग’ म्हणतात.

पैसे आणि वेळ कंडिशनरवर घाल. जर्मनीत त्याला ‘श्प्यूलुंग’ म्हणतात, आणि जास्त वेळ ठेवायचा तो ‘कूर’. यादीच्या पहिल्या पाच-सहा नावांत सीटेअरील अल्कोहोल दिसलं पाहिजे. नावात अल्कोहोल असलं तरी हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, केस कोरडे करत नाही. त्याच्याबरोबर बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड किंवा स्टिअरामिडोप्रोपिल डायमिथाइलअमाइन हवं. हे धनभाराचे असतात, त्यामुळे केसावर जिथे झीज जास्त तिथेच जाऊन बसतात. बारीक केसांना हाच मोठा फायदा, कारण निरोगी भागावर विनाकारण वजन चढत नाही. शिया बटर किंवा जड तेलं पहिल्या पाचांत असतील तर ती बाटली जाड, कुरळ्या केसांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

आईच्या सिलिकॉनच्या भीतीबद्दल. माझी सगळी नोकरी मुंबईत, केसांची उत्पादनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. केसांची बट टांगायची, यंत्राने त्यातून कंगवा ओढायचा आणि किती जोर लागला तो आकडा नोंदवायचा, हे काम मी वर्षानुवर्षं केलं आहे. सरळ केस ओले असताना विंचरायला कोरड्यापेक्षा जास्त जोर लागतो. त्या ओल्या बटेला अमोडायमेथिकोन नावाचं सिलिकॉन असलेला कंडिशनर लावला की जोर इतका उतरतो की नव्याने आलेल्या मुली यंत्र बिघडलं समजून पुन्हा मोजायच्या. हे सिलिकॉन केस कुजवत नाही, त्यांचा श्वासही कोंडत नाही. केस ही मृत पेशींची रचना आहे, तिला श्वास नसतो. वापर वाढला तर थर साचून बारीक केस चपटे दिसतात, एवढंच, आणि त्यासाठी तो खोल सफाईचा शाम्पू आहे. आईला नमस्कार सांग आणि माझं नाव पुढे कर.

डीएमचा स्वतःचा बलेआ आणि रॉसमनचा इसाना, या स्वस्त बाटल्यांतही तुझ्या कामाचं मिळेल. अलव्हेर्डे आणि अल्टेरा ही त्याच दुकानांची नैसर्गिक प्रसाधनं, त्यात सिलिकॉन नसतं. ती आवडत असतील तर वापर, पण गुंता आटोक्यात येईपर्यंत बाजूला ठेव असं माझं मत आहे.

बाटली बरोबर आणि न्हाण्याची पद्धत चुकीची असेल तर काही उपयोग नाही. न्हाणीघरात जायच्या आधी केस कोरडे असतानाच टोकांकडून वर विंचरून घे. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळायची आपल्याकडची सवय सोड, गुंता तिथेच जन्मतो. फेस खाली उतरतो त्याने लांबी आपोआप स्वच्छ होते. मग पाणी हाताने निपटून काढ. केस निथळत असतील तर कंडिशनर पातळ होऊन वाहून जातो. कंडिशनर कानाखालच्या लांबीलाच लाव, टाळूला नको. दोन-तीन मिनिटं थांब आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचर. एवढं झालं की धू. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टात दाबून पाणी टिपायचं.

जट झालीच तर कात्री नको. न्हाणीघरात नको, उजेडात बस. जटेला पाणी न लावता बोटांवर थोडा कंडिशनर घेऊन ती नीट माखून टाक. एका हाताने जटेच्या वरचे केस मुळाशी धरून ठेव, म्हणजे ओढ टाळूला बसणार नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी जट आडवी, दोन बाजूंना हलकेच सोडवत जा. कडेचे केस आधी सुटतात. जट दोन-चार भागांत विभागली की शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने खालून एकेक फास मोकळा कर. त्यात गळलेले केस बरेच निघतील, घाबरू नकोस. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. लांब केसांत ते खाली पडत नाहीत, बाकीच्यांत अडकून राहतात आणि तेच जटेचं मूळ होतात. म्हणून गळालेले केस रोज विंचरून काढायचे.

तुझ्या जटा मानेमागेच होतात, त्याचं कारण बहुधा गळ्यातला लोकरीचा स्कार्फ आणि कोटाची कॉलर. ऑक्टोबर ते मार्च ते तिथे घासत राहतात, आणि हीटरच्या कोरड्या हवेत केसांत स्थिर वीज भरते. बाहेर पडताना केस मोकळे नकोत. वेणी घालून ती कोटाच्या आत सोड किंवा वर बांध. स्कार्फच्या आत मऊ सॅटिनचा रुमाल गुंडाळ. झोपताना सैल वेणी.

शेवटी एकदा चांगल्या न्हाव्याकडे जाऊन ‘श्पिट्सन श्नाइडन’ एवढं सांग, म्हणजे टोकं कापा. दोन-तीन सेंटिमीटर गेले तरी फाटे फुटलेली टोकं जातील आणि निम्मं काम हलकं होईल. आणि हो, विंचरताना गळणं अचानक वाढलं असेल, भांग रुंद झाला असेल, तर हा प्रश्न माझ्याकडचा नाही. ‘हाउसआर्ट्स’कडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घे. शाकाहारी असशील तर हे टाळू नकोस.

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीचे केस फार बारीक आहेत. सकाळी शाळेच्या घाईत विंचरताना रोज रडारड होते. शाळेत उवांची साथ आहे असंही पत्र आलंय. काय करू?
— एक आई, लंडन

उत्तर : लंडनचं पाणीही जड, त्यामुळे वरचं उत्तर तुम्हीही वाचा. मुलांसाठी व्हिनेगर मात्र नको. सकाळची लढाई रात्रीवर न्या. झोपायच्या आधी निवांत, गोष्ट सांगत सांगत गुंता काढा आणि दोन सैल वेण्या घाला. सकाळी फक्त वरवर कंगवा फिरवायचा. गुंता काढताना पाण्याचा फवारा एकटा वापरू नका, एका छोट्या स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर हलवून घ्या. बटेला वरून घट्ट धरा, म्हणजे तिला दुखणार नाही, आणि दुखत नाही हे एकदा कळलं की रडणं थांबतं.

उवांचं सोपं आहे. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं, प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसून बघायची. तिथली आरोग्यसेवा १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी हे करायला सांगते. यातला एकही दिवस चुकवू नका, कारण राहिलेल्या लिखांतून नव्या उवा निघतात. शाळेत पोहायला नेत असतील तर तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवून, किंचित कंडिशनर लावून मग टोपी घाला. आधीच भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो.

प्रश्न : माझी लेक बॉस्टनला आहे. तिचेही केस बारीक, हल्ली सारखे गुंततात. पुढच्या महिन्यात ओळखीचे जाणार आहेत, त्यांच्याबरोबर खोबरेल आणि शिकेकाई पाठवावी म्हणते. उपयोग होईल ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, खोबरेल जरूर पाठवा. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांचा ऱ्हास कमी करतं, बाकी दोन्ही तेलांनी तसं होत नाही, असं त्यात दिसलं. पण लेकीला सांगा, बारीक केसांना चमचाभर पुरे. न्हाण्याआधी तासभर, मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत. आपल्यासारखं थबथबून लावलं तर काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि त्याच खटाटोपात गुंता होतो. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, म्हणून तिने रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवावं.

शिकेकाईची पूड पाठवू नका. कितीही वस्त्रगाळ केली तरी तिचे कण बारीक केसांत अडकून राहतात. शेंगाच पाठवा, तिने त्या भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणी वापरावं. बॉस्टनचं पाणी क्वाबिनच्या जलाशयातलं, मऊ असतं, त्यामुळे चुन्याचा प्रश्न तिला नाही. तिचा त्रास बहुधा हिवाळ्यातल्या कोरड्या हवेचा आणि कंडिशनर न लावण्याचा आहे. घरी तेलावर वाढलेल्या आपल्या बऱ्याच मुली कंडिशनर लावतच नाहीत. तो लावते का, एवढं आधी विचारा.

तेलाची बाटली हातातल्या सामानात चालणार नाही, तिथे १०० मिलिलिटरच्या वरचं काढून घेतात. मोठ्या बॅगेत घाला, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून, चिकटपट्टी गुंडाळून, झिपच्या दोन पिशव्यांत.